किसननाना पिकअप बघतात

किसननाना पिकअप बघायला गेले की पहिल्यांदा तिच्या मागच्या हौद्यात चढतात, डोक्याखाली टोपी घेतात आणि मागच्या चाकांच्या बरोबर वरच्या जागी उताणे झोपतात. टाय लावलेला विक्रेता धावत येतो. "काका, सीट पुढे आहे. एसी लावून देतो." नाना डोळे मिटूनच सांगतात, "तू चालू कर. मला पाठीनं बघू दे."

मग शोरूमच्या आवारात ती गाडी मी फिरवतो, कारण नानांना गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा येत नाही. अशा माणसाने काही वर्षं नेटाने पिकअप निवडत राहावं आणि त्या पिकअपला जोडायचं घर त्याच्या अंगणात आधीच बांधून तयार असावं, हे राहात्यात कुणालाच उलगडलेलं नव्हतं.

याला कारण मी आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो आणि नाना माझे शेजारी. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक शेवगा आहे. शेंगा त्यांच्याकडे पडतात, पानं माझ्याकडे. एकदा त्याच शेवग्याखाली मी त्यांना मोबाईलवर परदेशातला एक व्हिडिओ दाखवला. एक म्हातारं जोडपं पिकअपच्या मागे अख्खं घर जोडून डोंगरातून चाललं होतं. आपल्याकडे ट्रॉली गाडीच्या शेपटीला अडकवतात. त्या घराला मात्र पुढे एक लांब नाक होतं आणि ते नाक हौद्याच्या मधोमध, मागच्या चाकांवर, एका गोल लोखंडी ताटावर टेकलं होतं. मी करमणूक म्हणून दाखवलं. नानांनी तो व्हिडिओ परत परत लावायला सांगितला आणि शेवटी म्हणाले, "ह्या मानसानं बैल हाकलेला दिसतोय."

नानांचं सगळं आयुष्य बैलांच्या व्यापारात गेलं. लोणी, घोडेगाव, पार नाशिककडचे बाजारसुद्धा ते पायाखाली घालून आलेले. पुढे ट्रॅक्टर वाढले, बाजार विरळ झाला, पत्नी गेली, मुलगा पुण्याला स्थिरावला. बैल राहिला तो फक्त बोलण्यात. बैलगाडीत ओझं पुढे जास्त झालं की ती बैलांच्या मानेवर बसते, तिला धुरजड म्हणतात. मागे जास्त झालं की जू वर उचललं जातं आणि बैलांना फास बसतो, ती उलाळ. नानांच्या मते जगातली झाडून सगळी माणसं या दोन प्रकारांत मोडतात. आमचे प्राचार्य उलाळ. माझी बायको नेमकी, तोललेली. आणि मी?

"मास्तर, तुमी धुरजड. गावात कुनाचं बी चुकू द्या, तुमी म्हननार माझंच चुकलं."

हे खरं आहे. त्यांनी हे सांगितल्यावर मी त्यांची माफी मागितली होती.

तर, घर. नगरच्या कारखाना वसाहतीत गफूरभाई नावाचे पत्राकाम करणारे गृहस्थ आहेत. त्यांनी सांगाडा उभा केला, चाकांना ब्रेक बसवले, पुढे लांब नाक जोडलं. इथवर ते खूश होते. मग नाना म्हणाले, आत चुलीचा ओटा पाहिजे. उंबरठा पाहिजे, सागवानी. आणि दिवा ठेवायला कोनाडा.

"नाना, पत्र्यात कोनाडा?" गफूरभाईंनी वेल्डिंगचा चष्मा वर केला. "आवो, ही गाडी हाय का गढी?"

"तुमाला जमत नसंल तर सांगा."

"जमत न्हाई कोन म्हनलं? येडेपना हाय, एवढंच म्हनलो."

कोनाडा झाला. आरटीओच्या कागदांसाठी इतक्या खेपा झाल्या की तिथला चहावाला नानांना 'घरवाले बाबा' म्हणू लागला. गावात तर्क सुरू झाले. कुणी म्हणे नाना शिर्डीच्या रस्त्यावर मिसळ विकणार. कुणी म्हणे निवडणुकीसाठी भाड्याने देणार. माझी बायको म्हणाली, "नानांना संन्यास घ्यायचा असेल, पण घर सुटत नसेल."

मला कुतूहल गप्प बसू देईना. मी सरळ विचारलं.

"राजूरला न्यायचंय," नाना म्हणाले. "राजूरच्या वर वाडी हाय, तितं आमची थोरली आक्का ऱ्हाती."

"आक्कांना देणार?"

"द्यायचं कशापायी? न्यायचं आन परत आनायचं." मग घराच्या पत्र्यावर हात फिरवत म्हणाले, "पर मधी घाट हाय. तो ह्येनं चढला पायजे, आन उतरला बी पायजे. न्हाईतर मास्तर, ही नुसती पत्र्याची पेटी. कोंबड्या कोंडू."

ते हसले नाहीत, म्हणून मीही हसलो नाही. एवढं मात्र कळलं की नानांचं सगळं काही त्या घाटावर आणि आम्ही जी गाडी निवडू तिच्यावर अवलंबून आहे. तेव्हापासून रविवार आला की मी आणि नाना एसटीने नगर नाहीतर संगमनेर गाठत असू.

विक्रेते ताकदीबद्दल बोलायचे. अमुक अश्वशक्ती, तमुक ओढ. नाना ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "वढनं येगळं आन पेलनं येगळं. घराचं नाक हिच्या पाठीवर टेकनार हाय. पाठ किती पेलती ते सांग." त्या आकड्यासाठी मुलं आत मॅनेजरकडे पळायची. तो आकडा येईपर्यंत नानांचा दुसरा प्रश्न तयार असे. "चढताना कुनी बी वढल. उतरताना मागनं घर ढकलाया लागलं, तर आडवनार कोन?"

संगमनेरला त्यांनी गाडीची मागची चाकं दोराने बांधून ती ओढायला लावा, असं सांगितलं. बैलाचा जोर तसाच, चाकं बांधलेली गाडी ओढायला लावून बघतात. मॅनेजर म्हणाला, "आजोबा, वॉरंटी जाईल."

"बैलाची जात न्हाई, मग हिची कशी जाती?"

नगरला तर कहर झाला. भावाची बोलणी निघाली तशी नानांनी खांद्यावरचं उपरणं काढून विक्रेत्याच्या हातावर टाकलं आणि त्याखाली त्याची बोटं दाबायला सुरुवात केली. बैलबाजारात भाव असाच ठरतो, तोंडाने कुणी बोलत नाही. त्या बिचाऱ्याला वाटलं म्हातारबाबा आशीर्वाद देताहेत. त्यानेही प्रेमाने दोन बोटं दाबली. नाना ताडकन उठले.

"आरं, एवढ्याला देतोस? मालक हाकलून देईल तुला!"

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. नानांनीच त्याला पाणी पाजलं आणि इथून पुढे अनोळखी माणसाची बोटं दाबत जाऊ नकोस, असं बजावलं.

दोन केबिनच्या देखण्या गाड्या नानांनी एका झटक्यात बाद केल्या. त्यांचा हौदा आखूड. वळणावर घराचं नाक केबिनच्या काचेत घुसलं असतं. हे विक्रेत्याला पटवण्यासाठी त्यांनी मला हौद्यात उभं केलं. "मास्तर, तुमी घर." मी हात पुढे जोडून नाक झालो आणि नाना सांगतील तसा वळत राहिलो. शेवटी माझं कोपर काचेवर आपटलं. शोरूममध्ये माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील गाडी घ्यायला आले होते. त्यांनी नमस्कार केला. घर असल्यामुळे मला हात सोडता आले नाहीत.

खरं सांगायचं तर पहिले काही रविवार मी गंमत म्हणूनच गेलो. स्टाफरूममध्ये सांगायला किस्से मिळत होते. पण हळूहळू मला स्वतःलाच पिकअपची पाठ बघायची सवय लागली. रस्त्याने गाडी दिसली की बसली किती, उचलली किती, हे आधी दिसायचं. एक दिवस एका डाळिंब व्यापाऱ्याची जुनी, एकाच केबिनची, लांब हौद्याची करडी गाडी आम्ही पाहिली. पत्र्याला पोचे आलेले, आरसा चिकटपट्टीने चिकटवलेला. नानांनी हौद्यात वाळूची पोती भरायला लावली, त्यांच्या मध्ये आडवे झाले आणि मला उतारावरून ती न्यायला सांगितली. परत आलो तरी ते उठेनात. मी घाबरून हाक मारली.

"घ्या," ते पडल्या पडल्या म्हणाले. "पाठीला कळलं."

गफूरभाईंनी तिच्या हौद्यात ताट बसवलं, स्प्रिंगचे पाटे वाढवले, घराच्या ब्रेकची जोडणी केली. दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी आम्ही निघालो. संगमनेर, अकोले नीट पार पडलं. घाटाच्या तोंडाशी नानांनी गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरले. हातात दोन लाकडी उट्या. चढावर बैलगाडी मागे आली तर चाकामागे लावायच्या ठोकळ्यांना उटी म्हणतात.

"नाना, बसा आत. ब्रेक आहेत."

"ब्रेक तुमचं. उटी माझी."

आणि ते घराच्या मागच्या चाकाजवळून चालायला लागले. मी पहिल्या गिअरमध्ये, माझ्या मागे घर, घराच्या बाजूला नाना आणि त्यांच्या मागे हॉर्न वाजवणारी निम्म्या अकोले तालुक्यातली वाहनं. आरशात नानांचे ओठ हलताना दिसत होते. काच खाली केली. "हां माझ्या राजा... हां... दमानं..." एका अवघड वळणावर चाक थोडं घसरलं, घर एक हात मागे आलं आणि लाकडावर बसल्याचा आवाज झाला. नाना ओरडले, "लावलीय! घ्या आता!" मी मनात नानांची, बायकोची आणि त्या परदेशी जोडप्याचीसुद्धा क्षमा मागितली आणि क्लच सोडला. घाट संपला तेव्हा नाना दगडावर बसून धापा टाकत होते. मग उठून त्यांनी, बैलाला चारतात तसा, गाडीच्या बॉनेटला गूळ लावला.

वाडीत आक्कांच्या अंगणात घर उभं राहिलं. आक्का दारात आल्या, पदराला हात पुसत. सडपातळ, चटपटीत, नानांचंच नाक. पडवीत खाटेवर त्यांचे पती होते. नाना त्यांना दाजी म्हणतात. त्यांची एक बाजू कित्येक वर्षांपूर्वी वाऱ्याने गेलेली. भरवायचं, उठवायचं, कुशीवर वळवायचं, सगळं आक्काच करायच्या. तेव्हापासून त्या एक रात्रही घराबाहेर राहिल्या नव्हत्या. नानांनी दोघांनाही राहात्याला न्यायचं म्हटलं होतं. पण दाजींचं एकच, सोयऱ्याच्या दारात खाट टाकून पडणार नाही.

हे सगळं मला तिथे, अंगणात उभं राहून कळलं. नानांनी टोपी सारखी केली.

"आक्का, न्यायला आलोय. माहेराला चल."

आक्कांनी घराकडे पाहिलं. उंबरठ्याकडे पाहिलं. मग आत गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात भरलेली पिशवी घेऊन. खाटेपाशी थांबून म्हणाल्या, "जाऊन येते वो माहेराला." आणि अंगण ओलांडलं.

चाकांवरच्या घराच्या उंबरठ्याशी नानांनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आक्का आत शिरल्या. आतून आवाज आला, "येड्या, आईची चूल ह्या अंगाला व्हती!"

"तिकडं घेतली आसती तर घर उलाळ झालं आसतं!"

"तुजं आपलं कायतरीच!" पण त्या आवाजात रडू होतं.

नानांनी त्यांना कशालाही हात लावू दिला नाही. पिठलं त्यांनी स्वतः केलं. गुठळ्या झाल्या होत्या, आक्कांनी दोनदा मागून खाल्लं. मग त्या आडव्या झाल्या, दुपारच्या, दार लोटून. नाना हलक्या पावलांनी पडवीत आले, दाजींना भरवलं, कुशीवर वळवलं आणि त्यांच्या उशाशी बसले. दाजींची नजर अंगणापलीकडच्या लोटलेल्या दारावर होती.

"किसनराव," ते जड जिभेने म्हणाले, "कवा धाडताय तिला?"

नाना सावरून बसले, सोयऱ्यासमोर बसतात तसे. "दाजी, आज तर आलीया. चार दिस ऱ्हाऊ द्या की."

दाजींनी मान डोलावली.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पर मोकळ्या हातानं धाडू नगा. माहेरावनं येताना ती करंज्या आनायची. माज्यासाठी."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. एवढे बाजार फिरलेला माणूस, पण त्याला इतकं अडलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"मास्तर," ते अगदी हळू म्हणाले, "तुमाला येत्यात का वो करंज्या?"

मी अंगणाच्या कडेला गेलो, घरी फोन लावला आणि माहेरी झोपलेल्या आक्कांना जाग येऊ नये अशा आवाजात बायकोला विचारलं, सारणासाठी खोबरं आधी भाजायचं की रवा.