पन्नास हजारांचा लढा

कामगारपुढारी नवी गाडी घ्यायला निघाले ते लढाईवर निघाल्यासारखे!

"तीस वर्षं मालकांच्या घशात हात घालून पगारवाढ काढलीय," जिना उतरताना ते बायकोला म्हणाले. "पन्नास हजार कमी केल्याशिवाय गाडीला बोट लावणार नाही! तू फक्त आवडल्याचं तोंडावर दाखवू नकोस."

बाईंनी मान डोलावली. स्कूटरच्या मागच्या सीटवर अर्धं आयुष्य काढलेल्या बाईला आज काहीही कबूल होतं. शोरूममध्ये शिरताच त्या थेट लाल गाडीत जाऊन बसल्या आणि दार ओढून घेतलं.

पुढाऱ्यांनी टेबलावर मूठ आपटली. "पन्नास हजार सूट!"

सेल्समन रडवेला झाला. "साहेब, सूट दिली की ती आमच्या कमिशनमधून कापतात हो!"

हे रडगाणं तो चार वर्षं रोज गात होता आणि गिऱ्हाइकं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत होती. पुढाऱ्यांच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली!

"कमिशनमधून? आणि तुम्ही ऐकून घेता? किती जण आहात?"

"सात. पण साहेब, गाडीचं..."

"गाडी गेली खड्ड्यात! बोलाव सगळ्यांना!"

पाचव्या मिनिटाला सातही जण चकचकीत फरशीवर मांडी ठोकून बसले. सहाव्या मिनिटाला घोषणा! काचेच्या केबिनमध्ये मॅनेजर माशासारखा तोंडाची उघडमीट करत राहिला.

बाईंनी गाडीची काच खाली केली. "अहो, किती कमी झाले?"

"थांब गं! आत्ताच कुठे तापतंय!"

दोन तासांनी मॅनेजर शरण आला. करार पुढाऱ्यांनी स्वतः शब्दन् शब्द सांगून लिहून घेतला, साक्षीदार म्हणून सहीही ठोकली. सेल्समन मंडळींनी त्यांना खांद्यावर उचललं.

"हं, आता आमचं बघा," पुढारी वरूनच म्हणाले. "पन्नास हजार!"

मॅनेजरने शांतपणे कागद उचलला. "कलम पहिलं. सूट ही कामगाराच्या पोटावर मारलेली लाथ असल्याने ती आजपासून कायमची बंद."

"अहो, मी सोडून!"

"तसं तुम्ही सांगितलं नाहीत."

पुढाऱ्यांनी आशेने खाली सेल्समनकडे पाहिलं.

"साहेब, तुमच्यासाठी जीव देऊ," तो गहिवरून म्हणाला. "कमिशन नाही!"

"मग चला! नको आम्हाला गाडी! बहिष्कार!"

तेवढ्यात लाल गाडीचा हॉर्न कर्कश वाजला. बाई उतरल्या आणि पर्समधून त्यांनी चेकबुक काढलं.

"पूर्ण किंमत घ्या," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "फक्त कागद होईपर्यंत यांना खाली उतरवू नका!"