आधी वजन, मग बोलणं

रामटेकेभाऊ काहीही बोलण्याआधी त्या बोलण्याचं वजन सांगतात. "महत्त्वाचं. चहात साखर नको." "फारसं महत्त्वाचं नाही. तुमच्या शर्टाचं बटण चुकलं." माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांना "खूप महत्त्वाचं आहे" म्हणून बाजूला घेतलं. व्याह्यांचा चेहरा उतरला. भाऊ म्हणाले, "जिलबी गरम आहे तवरच खाऊन घ्या."

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले भाऊ आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मी सोसायटीचा सचिव; माझं काम चोख असतं. परवा पाइपसाठी एका गेटात खड्डा खणला, तेव्हा मी ग्रुपवर लगेच कळवलं : "पूर्व गेट, पश्चिम गेट. ठळक अक्षरांतलं गेट बंद आहे."

कळमन्याच्या बाजारातून संत्र्यांची पिशवी घेऊन आलेले भाऊ तसेच माझ्या दारात.

"काहून गा सचिव, कोणतं गेट बंद?"

"ठळक केलंय की. दिसत नाही?"

"मले दिसते. शोभाले कसं दिसन?"

भाऊंच्या बायकोची, शोभावहिनींची नजर गेली, तेव्हापासून त्यांचा फोन मेसेज वाचून दाखवतो. भाऊंनी स्वतःच्या फोनवर तो आवाज लावला आणि फोन माझ्या कानाशी धरला. माझी सूचना सपाट सुरात आली. दोन्ही गेटं सारखीच.

"ठळक न् बारीक, त्याले सारं एकच. जोर द्याचा त शब्दात द्या. तोही पयले."

वहिनी काठी घेऊन एकट्याच बुद्धविहारात गेल्या होत्या. येणार नेहमीच्या पूर्व गेटनं, खड्ड्याकडून. विहारात त्या फोनचा आवाज बंद ठेवतात. निघताना मेसेज ऐकतात. मी घाईनं लिहिलं : "महत्त्वाचं. पूर्व गेट बंद. तिथे खड्डा आहे. पश्चिम गेटनं या." आणि आम्ही दोघं खड्ड्यापाशी धावलो.

बराच वेळ कोणी आलं नाही. भाऊ रस्त्याकडे तोंड करून 'शोभा, शोभा' हाका मारत राहिले. मग पाठीमागून, सोसायटीच्या आतून, काठीची टकटक.

"गेट बंद आहे म्हणता, न् तुम्हीच तिथं उभे राहून हाका काहून मारता?"

मी खणलेल्या मातीच्या ढिगावरच बसलो. भाऊ नुसते हसत राहिले.

पाणी प्यायला दोघं आमच्याकडे टेकले. मी म्हटलं, "वहिनी, 'महत्त्वाचं' हा शब्द आज कामी आला."

"यांच्या 'महत्त्वाचं'त काय राहते? गोळ्या घे, गॅस बंद कर. मी त 'बिलकुल महत्त्वाचं नाही' वालेच जपून ठेवते." त्यांनी सकाळचा मेसेज लावला.

फोन कोरडेपणानं वाचू लागला : "बिलकुल महत्त्वाचं नाही. कळमन्यात आहे. संत्री घेतली. तू संग नाही त करमत नाही."

भाऊ पिशवीतली संत्री उगाच खालीवर करू लागले.

"महत्त्वाचं," ते म्हणाले, "बॅटरी जाईन. बंद कर वं."

वहिनींनी तो पुन्हा पहिल्यापासून लावला.