किनाऱ्यावरील संपर्क

हिरेमठ सरांनी सोलापूरच्या एकाच शाळेत सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी नुसत्या वाऱ्यांवर घालवली. व्यापारी वारे, पश्चिमी वारे, खारे वारे, मतलई वारे. फळ्यावर बाण काढून काढून हाताला अशी सवय जडली होती की किराणा मालाच्या यादीतही तुरीच्या डाळीकडून गुळाकडे एखादा बाण जायचा. पण ज्या समुद्रावरून हे सगळे वारे वाहतात, तो समुद्र सरांनी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला होता. तोही अर्धा तास, एका लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर, चपला हातात धरून.

म्हणून ऑक्टोबरात एके दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि जानेवारीत आपण सहकुटुंब चार दिवस शिडाच्या बोटीवर जाणार असं शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं.

"इंजिन नाही," सर म्हणाले. "फक्त वारा. आणि वाऱ्याचं काय, ते आम्हाला कुणी शिकवायला नको."

मराठीच्या रुक्साना मॅडमनी अभिनंदन केलं. मुख्याध्यापक उदयसिंह सर वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले की रजेचं नंतर बघू.

ही सगळी घोषणा चाळीस सेकंदांच्या एका निरोपावर उभी होती. सरांची एकुलती एक मुलगी काव्या दोन वर्षांपूर्वी पुण्यात दिली होती. हिरेमठांच्या घरात कन्नड बोलतात, पण नवरा शेजारी असला की काव्या मराठीत बोले. तसाच तिने मोबाइलवर बोलून निरोप पाठवला होता. "अप्पा, जानेवारीत आम्ही सगळे शिडाच्या बोटीवर जायचं म्हणतोय. इथं फार गारठा असतो, तेव्हा कुठंतरी उबदार. कुठं जायचं, वारा कधी चांगला असतो, ते तुम्हीच ठरवा. तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

सरांनी तो निरोप सात वेळा ऐकला. त्यातलं शेवटचं वाक्यच त्यांना ऐकायचं होतं, पण मोबाइल दर वेळी पहिल्यापासून सुरू करायचा. मग बायकोला आणि आईला समोर बसवून त्यांनी त्याचं कन्नड करून सांगितलं. "नावु एल्लारू", म्हणजे सगळ्यांनी, जानेवारीत बोटीवर जायचं. कन्नडमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' या दोन्हींचं काम एकच 'नावु' भागवतो. त्या एका शब्दात सरांनी स्वतः, बायको आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, तिघांनाही बोटीत बसवून टाकलं.

बायकोने, प्रियदर्शनीबाईंनी, विचारलं, ती नेमकं तसंच म्हणाली का. सर म्हणाले, तू काय मराठीचे पेपर तपासायला लागलीस की काय. बाई उठून आत गेल्या.

त्या संध्याकाळपासून बाहेरच्या खोलीचं रूपच पालटलं. भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं आणि भारताचा नकाशा वर चढला. सर शाळेतून तडक घरी यायला लागले. एरवी ते चौकात तासभर रेंगाळून यायचे, येऊन टीव्ही लावायचे आणि जेवायला किती वेळ आहे एवढंच विचारायचे. आता पायातली चप्पल निघायच्या आधी ते अरबी समुद्राबद्दल बोलत. अंदमान त्यांनी आठवडाभर ठेवलं आणि काढलं, कारण सरांच्या आई, कमलम्मा, विमानात बसणार नव्हत्या. परदेशही गेला, कारण कमलम्मांकडे पासपोर्ट नव्हता. केरळातल्या बोटी इंजिनावर चालतात हे कळताच सरांनी केरळवर अशी फुली मारली की कागद फाटला.

कमलम्मांच्या अटी साध्या होत्या. सकाळी लिंगपूजेच्या वेळी बोट हलता कामा नये. मासळीचा वास येता कामा नये. आणि संडास बोटीतच असावा, पण जेवायच्या जागेपासून लांब असावा.

शेवटी कारवार ते गोवा ठरलं. सरांनी प्रियदर्शनीबाईंना कणीक मळता मळता समजावलं की जानेवारीत सकाळी मतलई वारा आपल्याला जमिनीकडून आत समुद्रात नेईल आणि दुपारी खारा वारा परत आणून सोडेल. निसर्गाने जणू जाण्यायेण्याचं तिकीटच काढून ठेवलं आहे. शिवाय कारवारात कन्नड बोलतात, म्हणजे अम्माला खलाशाशीही भांडता येईल. बाई हसल्या. खूप दिवसांनी हसल्या, पण सरांचं लक्ष नकाशाकडे होतं.

सरांनी वाऱ्यांच्या वेळांचा तक्ता काढून पाठवला, आणि काव्याला ही निवड फार आवडली. संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उरकली की लगेचचा आठवडा ठरला. बोटीत आठजण मावतात असं तिनं कळवलं. सरांनी बोटांवर मोजलं. काव्या, जावई, व्याही, विहीणबाई, आपण तिघं. सातच झाले. आठवी जागा रिकामी.

याच रिकाम्या जागेने घात केला. जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन, त्यामुळे रजा मिळायची चिन्हं नव्हती. दोनदा अर्ज परत आला. तिसऱ्यांदा सर स्वतः घेऊन गेले आणि बोलता बोलता म्हणाले की बोटीत एक जागा आहे, साहेबांची इच्छा असेल तर. उदयसिंह सरांनी तिथल्या तिथं सही केली. चार दिवसांनी त्यांनी मोठ्या काठाची टोपी आणली आणि ती कपाटावर अशी ठेवली की आत येणाऱ्याने विचारावंच.

आता मुख्याध्यापकच येणार म्हटल्यावर सरांना प्रात्यक्षिकाची निकड वाटू लागली. डिसेंबरातल्या एका रविवारी ते कुटुंबाला घेऊन हिप्परग्याच्या तलावावर गेले. तिथल्या ज्ञानू नावाच्या मासे धरणाऱ्याची होडी त्यांनी तासाभरासाठी ठरवली आणि तिच्यात बांबू उभा करून त्याला घरातली सोलापुरी चादर बांधली. मोरांची, लाल, चांगली जाड. ज्ञानूने आयुष्यात बरंच पाहिलं होतं, पण हे पाहिलं नव्हतं.

"सर, ह्या तळ्यात वल्ह्याबिगर कुणी जात न्हाय की," तो म्हणाला. "वारं हितं कुटं बी फिरतंय."

सरांनी त्याला ईशान्येचा वारा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ज्ञानूने मान डोलावली आणि वल्हं पायाखाली दाबून ठेवलं.

पहिली दोन मिनिटं खरोखरच देखणी गेली. चादर फुगली, मोर फुगले, होडी निघाली. सरांनी प्रियदर्शनीबाईंना मोबाइलवर चित्रण करायला सांगितलं आणि स्वतः पुढे उभे राहून हात लांब केला. मग वाऱ्याचा विचार बदलला. होडी जागच्या जागी गिरकी घेऊ लागली, जशी गिरणीत चाळणी फिरते तशी. बांबू कलला, चादर पाण्यात पडली आणि भिजून अशी जड झाली की होडीच तिच्यामागे ओढली जाऊ लागली. काठावर बसलेल्या कमलम्मा कन्नडमधून सूचना देत होत्या. त्या ज्ञानूला कळत नव्हत्या आणि सरांना ऐकायच्या नव्हत्या. शेवटी चादर सोडवता सोडवता सर कमरेइतक्या चिखलात उतरले. म्हणजे उतरले असं ते नंतर सांगत. ज्ञानूने त्यांना काखेत हात घालून वर घेतलं. एक बूट तळ्यातच राहिला.

तरी त्यांनी ते चित्रण काव्याला पाठवलं. तिचं उत्तर आलं, "अप्पा, इकडं सगळे पोट धरून हसतायत. पण तुम्ही कशाला एवढा त्रास घेताय?" सर बायकोला म्हणाले, पोरीला काळजी आहे बघ आपली. बाई अंगणात चादर पिळत होत्या. त्यांनी आणखी एक पीळ दिला.

जत्रेच्या आठ दिवस आधी बोटवाल्या कंपनीची मेल आली. सर शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि कागद न बघताच तीन रंगीत प्रती काढायला सांगितल्या. एक घरी, एक सामानात, एक उदयसिंह सरांना. पहिली प्रत हातात आली, तसे ते दहावीचा निकाल बघावा तसे नावं शोधू लागले. काव्या. जावई. व्याही. विहीणबाई. जावयाचा थोरला भाऊ. त्याची बायको. त्यांची दोन मुलं. आठ.

सरांनी कागद उलटा केला. मागे कोरा होता. पुन्हा सुलटा केला, आणि अगदी तळाशी त्यांना आपलं नाव दिसलं. छातीत एकदम मोकळं झालं. मग त्यांनी चष्मा वर सरकवून ती ओळ पूर्ण वाचली. 'किनाऱ्यावरील संपर्क व्यक्ती : श्री. सोमशेखर हिरेमठ. नातं : वडील. टीप : सदर व्यक्ती बोटीवर नसावी.'

दुकानदाराने विचारलं, लॅमिनेशन करायचं का. सर म्हणाले, नको.

घरी येऊन त्यांनी कागद प्रियदर्शनीबाईंच्या हातात दिला. बाईंनी तो वाचला, घडी घातली आणि डब्याखाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, तेव्हा सरांच्या लक्षात आलं.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच. सात वेळा लावलात, आत मलाही ऐकू येत होतं. ती 'आम्ही' म्हणाली होती. आपल्याला धरलं असतं तर 'आपण' म्हणाली असती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत होता ना," बाई म्हणाल्या. "काव्या गेल्यापासून या घरात टीव्हीच बोलत होता. म्हटलं, चार दिवस चालू दे."

सर नकाशाकडे वळले. गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत त्यांनीच काढलेले बाण होते, सगळे नीट, सगळे बरोबर.

काव्याला फोन करायचं त्यांनी ठरवलं नव्हतं, तिचाच आला. कागद मिळाला का, फोन चालू ठेवाल ना, सासूबाईंना तुमचा तक्ता फार आवडला, असं ती भराभर सांगत गेली. सर हो हो म्हणत राहिले. ते दुसरं काहीच बोलत नाहीत हे काव्याच्या जरा उशिरा ध्यानात आलं. मग ती कन्नडमध्ये हळूच म्हणाली, "अप्पा, तुम्हाला यायचं होतं का?"

"छे गं," सर म्हणाले. "मला बोट लागते. हिप्परग्याला बघितलंस ना."

ती हसली. मनापासून हसली, आणि सुटल्यासारखी हसली. सरांना दोन्ही ऐकू आलं.

अम्माला सांगायची सर्वांना धास्ती होती. पण कमलम्मांनी डोळे मिटून हात जोडले. हिप्परग्याहून आल्या दिवसापासून त्यांनी ही सहल मोडावी म्हणून सिद्धेश्वराला नारळ बोलला होता. जत्रेत तो त्यांनी वाजतगाजत फोडला आणि खोबरं सरांच्याच हातावर ठेवलं.

उदयसिंह सरांना काय सांगायचं हा प्रश्न राहिला. सरांनी खरं तेच सांगितलं, की व्याह्यांकडची माणसं वाढली. उदयसिंह सरांना ते खोटं वाटलं. त्यांनी कपाटावरची टोपी काढून खणात टाकली आणि कोरडेपणाने म्हणाले की हरकत नाही, तुम्ही तर जाऊन या, आणि सोमवारी परिपाठात मुलांना समुद्रावरच्या चार दिवसांबद्दल वीस मिनिटं बोला. मी जात नाही, हे वाक्य सरांच्या ओठावर आलं होतं. पण रुक्साना मॅडम तिथंच उभ्या होत्या, त्यांनी हसून प्रवासाला शुभेच्छा दिल्या आणि ते वाक्य तिथंच विरलं.

म्हणून ते चार दिवस हिरेमठ सर स्वतःच्या घरात लपून राहिले. रस्त्याकडच्या खिडक्या बंद. भाजीला बाई एकट्या जात, आणि सर कुठे आहेत असं कुणी विचारलं तर आभाळाकडे बघत. दुपारी सर गच्चीवर, पाण्याच्या टाकीआड, बनियन घालून उन्हात बसत, कारण समुद्रावरून आलेला माणूस रापलेला असायला हवा. सोलापूरच्या उन्हाने हे काम दोन दिवसांत चोख केलं. मोबाइल चार्ज करून मांडीवर. किनाऱ्यावरील संपर्क व्यक्ती कामात कसूर करत नव्हती. पण बोटीवर काहीच बिघडलं नाही. सकाळी मतलई वारा त्यांना आत नेत होता आणि दुपारी खारा वारा परत आणत होता, अगदी सरांनी सांगितल्याबरहुकूम, त्यामुळे कुणाला फोन करायची वेळच आली नाही.

फोन आला तो पाचव्या दिवशी, रविवारी, सर जेवायला बसले असताना. बोटवाल्या कंपनीची मुलगी होती. नोंदीतला नंबर सरांचा, म्हणून त्यांनाच. तिने विचारलं, सर, फॅमिलीबरोबर सफर कशी झाली.

चुकीचा माणूस आहे असं सांगायला सरांनी तोंड उघडलं. समोर वहीत उद्याच्या परिपाठाचं भाषण अर्धं लिहून पडलं होतं.

"उत्तम," ते म्हणाले.

आणि मग सुरूच झाले. सकाळचा वारा कसा थंड आणि शिस्तीचा होता, शीड भरताना कसा आवाज येतो, आई आधी घाबरली पण मग तिने पूजासुद्धा डेकवरच केली, बायको तर कठड्याला टेकून तासन्‌तास पाण्याकडे बघत होती, मुलगी म्हणाली अप्पा तुम्हीच सुकाणू धरा. कंपनीची मुलगी लिहून घेत होती. आतल्या खोलीत भाकरी थापण्याचा आवाज थांबला. सर पाठ करून बसले होते, त्यांना ते कळलं नाही.

फोनवरच्या मुलीने शेवटी विचारलं, काही तक्रार, काही सूचना?

सरांनी ताटाकडे पाहिलं, एक घास उचलला, विचार केला.

"बाकी सगळं झकास," ते म्हणाले. "जेवण तेवढं बेताचं होतं. आमटीत मीठच नव्हतं."

"अहो," दारातून प्रियदर्शनीबाई म्हणाल्या, "नसेल आमटी आवडत तर मला सांगा. कारवारला कशाला कळवताय?"