पीलखान्यातील ऑनलाइन प्रशिक्षणाची हकीकत

श्रीगजवदनास साक्ष ठेवून, ज्या राज्यात दिवाणास चैन पडत नसे आणि चाकरास जाग येत नसे, त्या राज्याचा मजकूर लिहिला जातो, तो सावध होऊन ऐकावा. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, श्रावणमासी ऐसे जाहले की, दिवाण विसोपंत परमुलखी जाऊन आले आणि तेथे एक अजब विद्या पाहून आले. गुरू एके ठिकाणी, शिष्य शेकडो कोसांवर, मध्ये काचेचा पडदा, तीस ऑनलाइन प्रशिक्षण म्हणतात. मग पंतांनी दरबारी अर्ज केला की, आपले चाकर अडाणी, त्यांस शहाणे करावे, आणि राणीसाहेबांनी मान डोलाविली. आणि पंतांनी एकच पाठमाला सर्व खात्यांस लावली, मुदपाकखान्यास तीच, टपालास तीच, आणि पीलखान्यात, म्हणजे जेथे राज्याची हत्तीण बांधतात तेथेही तीच. पाठ कोणते, तर आल्यागेल्याचे हसून स्वागत करावे, जड वस्तू गुडघे वाकवून उचलावी, आग दिसल्यास पळू नये. ज्या पंतांस हौद्यात चढताना खालून दोघे लोटणारे लागतात, त्यांनी माहुतास वजन उचलणे शिकवावे, ऐसा तेथील कारभार. पीलखान्याची सरदारीही पंतांनी स्वतःकडेच ठेविली होती, कारण दसऱ्याचे स्वारीत हौद्यात पुढे बसावयास मिळे. आणि हुकूम निघाला की, दसऱ्याचे आत प्रत्येक चाकराने सर्टिफिकेट मिळवावे, जो न मिळवील त्याचा अधिकार काढून त्यास त्याच खात्यातील सर्टिफिकेटवाल्याचे हाताखाली द्यावे, लहानमोठा पाहू नये. खात्यात कोणीच पास न जाहल्यास बाहेरून पास माणूस आणावा. ऐसा एक परमुलखीचा माहूत पंतांनी हेरूनही ठेविला होता.

पीलखान्यात हत्तीण एकच, नाव गजरा, आणि माहूत एकच, नाव मानकोजी. गजरा पिल्लू असता आली, ती मानकोजीने दूध पाजून वाढविली. ती परक्याचे हाती जाणार हे ऐकून त्याने त्याच दिवशी पडदा मांडून पाठमाला लावली. परंतु आळस मोठा. दुपारचे जेवण करून तो पडद्यासमोर बसे, आणि आतील गुरूंनी "स्नेही जनहो" म्हणताच त्यास डोळा लागे. बायको भिकूबाई ताक घेऊन आली, तो हा घोरत होता. ती म्हणाली, "अहो, काचेतला माणूस एवढा जीव तोडून सांगतोय, आणि तुम्ही त्याला घोरून उत्तर देताय?" तो म्हणाला, "ऐकतोय मी. डोळे मिटले की जास्त ऐकू येतं." ती म्हणाली, "गजरा गेली तर दिवसभर माझ्या चुलीपुढं बसाल. ते मला चालायचं नाही, सांगून ठेवते."

मग त्यास एक अडचण पडली की, पडदा मध्येच थांबे आणि "आपण आहात काय, येथे स्पर्श करा" ऐसे लिहून येई. उठावे कोणी? तेव्हा मानकोजीने गजरेस सोंड लावावयास शिकविले आणि आपण स्वस्थ झोपला. पुढे प्रश्न येऊ लागले, चार रंगांची चार उत्तरे, त्यांतही गजराच सोंड लावी. चूक जाहली तर भोंगा वाजे आणि प्रश्न फिरून येई, बरोबर आले तर घंटा वाजे. आणि पीलखान्याचा शिरस्ता ऐसा की, घंटा वाजली म्हणजे हत्तिणीस गुळाचा खडा द्यावा. मानकोजीचा हात झोपेतही खडा पुढे करी. मग काय विचारावे. दोन महिन्यांत गुळाची ढेप संपली आणि पाठमालाही संपली.

दसऱ्याचे आदले दिवशी दरबार भरला, गजरेसही अंगणात उभे केले, आणि सर्टिफिकेटे मोठ्या पडद्यावर दाखवू लागले. पीलखान्याचे नाव येताच मानकोजी पागोटे सावरून पुढे सरला. सर्टिफिकेट आले, पैकीच्या पैकी गुण, पडद्याचे डोळ्याने काढलेली पास होणाराची तसबीरही आली, तो त्यात एक सोंड आणि एक कान. दरबार खो खो हसला. पंत गरजले, "ही लबाडी आहे, याची हत्तीण आजच काढावी." मानकोजीचे पागोटे हातात आले. तो म्हणाला, "आईसाहेब, झोपलो हे खरं. मला वाटेल ते करा, पण तिला परक्याकडं देऊ नका. ती माझ्याशिवाय जेवत नाही." राणीसाहेब म्हणाल्या, "आधी परीक्षा होऊ द्या." मग पडद्यावर प्रश्न लाविले, आणि गजरेने एकामागून एक सोंड लावून सर्वांवर घंटा वाजविली, आणि प्रत्येक घंटेस मानकोजीकडे गूळ मागितला. राणीसाहेब म्हणाल्या, "पीलखान्यात पास कोण?" कारकून म्हणाला, "गजरा." "नापास?" "मानकोजी." राणीसाहेब म्हणाल्या, "हुकुमात लहानमोठा पाहू नये असे आहे. मानकोजीस गजरेचे हाताखाली द्यावे." मानकोजी रडतरडत हसला. मग राणीसाहेब वळून म्हणाल्या, "पंत, पीलखान्याचे सरदार तुम्ही. तुमचे सर्टिफिकेट दाखवा." पंत म्हणाले, "आम्ही तर पाठमाला आणली." राणीसाहेब म्हणाल्या, "आणली, ठीक. पाहिली कधी?" पंत हळूच कारकुनाचे मागे सरले. भिकूबाई मागून म्हणाली, "आमचे हे निदान समोर बसून तरी झोपले."

दुसरे दिवशी स्वारी निघाली. गजरा पुढे, मानेवर मानकोजी, हौदा रिकामा, आणि पंत मागून पायी, उसाची मोळी घेऊन, आपल्या वरिष्ठांचा फराळ. मोळी उचलताना गुडघे वाकविले नाहीत, म्हणून कंबर धरली.

हल्ली दुपारी मानकोजी आणि पंत दोघे पडद्यासमोर बसतात, मागे गजरा उभी असते, आणि जो पेंगेल त्याचे डोकीवर सोंडेने पाणी पडते. पंत तीन वेळा भिजले, मानकोजी रोज भिजतो. परंतु गजरा घरीच राहिली, पंत शिकू लागले, आणि गूळ तेवढा राज्यात महाग जाहला. इतके लिहून लेखणी पुसली असे.