विष्णुपंतांचं सरळ स्टिअरिंग

गाडीनं विष्णुपंतांना वाकडं ठरवलं, तेही मुलीच्या देखत. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, सरळ रस्त्यावर गाडी सरळ चाललेली असताना, समोर 'स्टिअरिंग वाकडं' असं सांगणारा पिवळा दिवा लागला. घरी, गोरखपूर मोहल्ल्यात पोचताच शरयूनं किल्ली काढून आपल्या पर्समध्ये टाकली.

"बाबा, बहात्तर झाले. हात वाकडे पडून राहिले तुमचे. आता बस करा."

"माझे हात?" विष्णुपंतांचा पारा चढला. कारखान्याच्या तपासणी विभागात एकतीस वर्षं काढलेला माणूस तो. केसभर वाकडा तुकडा त्यांच्या टेबलावरून कधी पुढे सरकला नव्हता. "खोट त्या दिव्यात आहे. माझी निघाली तर किल्ली तुझी, कायमची."

"चलो, ठरलं," शरयू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं शहरातल्याच गढा भागात बळीरामच्या गॅरेजात गेले. बळीरामचे वडील शालिग्राम कारखान्यात विष्णुपंतांच्याच हाताखाली होते. शरयू बाहेर बाकावर बसली.

"ही गाडी कोणत्या अधिकारानं मला शिकवून राहिली, ते सांग आधी," विष्णुपंत कडाडले.

"शिकवत नाही साहेब, मोजून राहिली फक्त. स्टिअरिंगच्या दांड्यावर चकती असते, तिला बारीक खाचा. एका बाजूनं उजेड, दुसऱ्या बाजूला तो पाहणारा सेन्सर. चकती फिरली की उजेड दिसते, लपते, दिसते. ते मोजून गाडीले कळते, चाक किती वळलं."

"मग चुकली काहून?"

"उजेड अडला असंल."

"कंपनीनंच अडवला असेल. असला माल मी फाटकाबाहेर जाऊ दिला नसता."

बळीरामनं स्टिअरिंग उतरवून आतली चकती उन्हात धरली. खाचा लाल भरलेल्या होत्या. त्यानं नखानं खरवडून वास घेतला.

"कुंकू आहे साहेब."

विष्णुपंतांनी बाहेर बाकाकडे पाहिलं. दसऱ्याला गाडीची पूजा त्यांनीच केली होती. बायको कुंदाबाई 'पुरे' म्हणत असताना अख्खी वाटी त्यांनीच स्टिअरिंगवर पालथी केली होती.

"तीस वर्षं झाली," बळीराम हळूच म्हणाला. "दसऱ्याला आमच्या बाबांनी मापाच्या यंत्राच्या काचेले कुंकवाचं बोट लावलं होतं. तुम्ही मेमो दिला. आजही जेवताना तोच विषय काढतात."

"नियम होता तो." पण आवाज काही चढला नाही.

"भैया, काय निघालं?" शरयूनं बाहेरून विचारलं.

बळीरामनं बिलाचं पॅड आणि पेन पुढे सरकवलं. "बाबांचा मेमो वापस घ्या साहेब. लेखी. नाहीतर ताईले चकती दाखवतो."

"ही चक्क दमदाटी आहे."

"हो साहेब."

विष्णुपंतांनी पेन हिसकावून लिहिलं: 'मेमो रद्द. कर्मचाऱ्याचा दोष नाही, यंत्राची रचनाच सदोष.' खाली सही ठोकली. बळीरामनं कागद खिशात घातला, चकती फडक्यानं पुसली आणि ओरडून सांगितलं, "ताई, सेन्सरच गडबड करत होता."

शरयूनं पर्समधून किल्ली काढून दिली. "सॉरी बाबा."

"मी म्हणतच होतो," विष्णुपंत म्हणाले आणि तिच्याकडे न बघता गाडीत बसले.

संध्याकाळी तो कागद बळीरामच्या हस्ते परत आला. त्यावर शालिग्रामच्या अक्षरात, लाल शाईनं लिहिलं होतं: 'तारीख नाही. नामंजूर.'

विष्णुपंतांनी दोनदा वाचलं. एकतीस वर्षांत त्यांचा कागद कोणी परत पाठवला नव्हता. पण चूक होती, आणि चूक पास करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी खिशाला पेन लावलं, किल्ली उचलली आणि तारीख घालायला स्वतः गाडी चालवत गढ्याला निघाले.