दुपारी झोपणारं मशीन

परमेश्वरचा कॉम्प्युटर पुन्हा भर दुपारी बंद पडला, तेव्हा घरातलंच कुणीतरी त्याला हात लावतंय याबद्दल त्याच्या बायकोला, रागिणीला, शंका उरली नाही. लाइट होती, इन्व्हर्टर होता. मग मशीन काय आपोआप झोपतं?

परमेश्वर त्या मशीनवर मूलद्रव्यांच्या नाना जोड्या मांडून, ज्यातून उष्णता अगदी सावकाश सरकेल असा नवा पदार्थ शोधत होता. गणित मध्येच तुटलं की सारं पहिल्यापासून. आणि सोमवारी नांदेडला पीएचडीच्या सरांना उत्तर दाखवलं नाही तर ते विषयच दुसऱ्याला देणार होते. रोज सकाळी औंढ्याच्या कॉलेजवर शिकवायला निघताना तो रागिणीला मशीनवर नजर ठेवायला सांगून जायचा.

हे सांगायची गरजच नव्हती. लेकरू झाल्यापासून ती दुधाच्या पातेल्यावरसुद्धा पाळत ठेवायची. मोबाइल चार्ज करायला आलेल्या शेजारच्या देवलाला तिने दारातूनच वाटेला लावलं. तरी मशीन बंदच.

मग तिला दह्याचं गाडगं सापडलं. पौषाच्या थंडीत गल्लीत कुणाचं दही धड लागत नव्हतं. सासूबाईंचं मात्र सुरीने कापावं असं. चांगुणाबाई गाडगं मशीनमागे, गरम वाऱ्यापाशी ठेवत होत्या.

"आत्याबाई, यानंच बंद पडतंय ते."

"दह्यानं? कॉलेजात हेच शिकवलं काय तुला?"

गाडगं चुलीपाशी गेलं. दही पातळ राहिलं, सासरे ते ताक समजून प्याले आणि चांगुणाबाईंनी सुनेशी बोलणं टाकलं. मशीन मात्र पुन्हा बंद पडलं.

शनिवारी रागिणीने चोर पकडायचाच ठरवला. दाराला आतून कडी घातली, लेकराला झोळीत निजवलं, त्याची झोप मोडू नये म्हणून घरघरणाऱ्या मशीनवर रोजच्यासारखी सासऱ्यांची जाड घोंगडी टाकली आणि दाराकडे डोळे लावून बसली. कुणी आलं नाही. घरघर तेवढी थांबली.

"कडी लावलेली होती, अहो," परमेश्वर आल्यावर ती म्हणाली. "आत मी अन् लेकरू." तिने झोळीकडेही एकदा संशयाने पाहिलं.

परमेश्वरने घोंगडी उचलली. खाली मशीन तव्यासारखं तापलं होतं.

"ही कोण टाकतं?"

"आता कुणाचं नाव घेतीस, सूनबाई?" दारातून चांगुणाबाईंचा आवाज आला. अबोला सुटला होता.

परमेश्वरने घोंगडी रागिणीसमोर धरली. "उष्णता अडवणारी चीज मी धुंडून राहिलो, अन् तू तीच त्याच्यावर पांघरून राहिली!"

मशीन पुन्हा सुरू झालं. रविवारभर चांगुणाबाई त्याच्यासमोर पाट टाकून बसल्या. मागे, जरा अंतर राखून, गाडगं. सोमवारी पहाटे उत्तर आलं आणि परमेश्वर पेन ड्राइव्ह खिशात घालून पहिल्या एसटीने नांदेडला गेला.

लेकराला काखेत घेऊन रागिणी सहज मशीनपाशी आली.

"लांबूनच बघ," चांगुणाबाई म्हणाल्या. "अन् हातात काय हाय ते दाखव आधी."

रागिणीच्या हातात लेकराचं दुपटं होतं. सासूबाईंनी ते काढून घेतलं, घडी घातली आणि पाटाखाली ठेवलं.