साधंच घाला

आमच्या घरमालकांकडे त्रेचाळीस गाड्यांची पुस्तकं आहेत आणि गाडी एकच. पुस्तकं म्हणजे, नवी गाडी घेतली की तिच्याबरोबर जे माहितीपुस्तक मिळतं ना, जे आपण समोरच्या कप्प्यात कोंबतो आणि गाडी विकेपर्यंत उघडत नाही, ते. परशरामअण्णा ते उघडतात आणि अथपासून इतिपर्यंत वाचतात. राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीत कुणी गाडीचे पेढे घेऊन आलं, की अण्णा पेढे लक्ष्मीअक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातात देतात आणि पाहुण्याला विचारतात, "पुस्तक कुठाय?" दोन दिवसांत पुस्तक परत जातं. पुढच्या महिन्यात त्याच गाडीचं जुनं पुस्तक रद्दीवाल्याकडून येऊन अण्णांच्या कपाटात बसतं.

अण्णा मूळचे निपाणीकडचे. तरुणपणी बंगळुरात आले आणि एका कारखान्यात इंजिनं तपासायच्या खात्यात चिकटले. प्रत्येक इंजिन चालू करायचं, कान देऊन ऐकायचं, आवाज बरोबर असेल तरच सही करायची. "तीस वर्षांत एक पण खोटी सही नाही," हे ते मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवतात. मी पुण्याची, हेब्बाळच्या एका आयटी कंपनीत कामाला आणि तीन वर्षं त्यांच्या माडीवर भाडेकरू. मी त्यांच्याहून पस्तीस वर्षांनी लहान, तरी ते मला मेघाअक्का म्हणतात. आधी मला रागच यायचा. आता कुणी नुसतं मेघा म्हटलं तर उघडं पडल्यासारखं वाटतं.

आमची खरी ओळख झाली ती पेट्रोलवरून. मी आयुष्यातली पहिली गाडी घेतली, सेकंडहँड, छोटीशी. आणि कौतुकानं तिला प्रीमियम पेट्रोल पाजायला लागले. आपल्या लेकराला चार पैसे जास्त देऊन चांगलं दूध आणावं, तसं. अण्णांनी माझ्या काचेमागे पडलेली पावती पाहिली आणि संध्याकाळी पुस्तक घेऊन जिना चढून वर आले. बोट ठेवून पान दाखवलं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं, एक्क्याण्णव ऑक्टेन, म्हणजे साधं पेट्रोल.

"पण अण्णा, प्रीमियममध्ये ताकद जास्त असते ना?"

"ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, मेघाअक्का. सहनशक्ती." अण्णा खाली बसले. म्हणजे आता तासाची निश्चिंती. "काही इंजिनं पेट्रोलला लई दाबतात. साधं पेट्रोल ते सोसत नाही, ठिणगी पडायच्या आधीच पेटतं. मग इंजिन ठोकतं. ठक ठक ठक. प्रीमियम जास्त सोसतं, एवढंच. तुमचं इंजिन बिचारं दाबतच नाही, तर सोसायचं काय? साधंच घाला."

मी म्हटलं, पण गाडी स्मूथ चालते त्यानं. तर म्हणाले, "गाडी नाही, तुमचं मन स्मूथ चालालंय."

मी पुण्याची असल्यामुळे अर्थातच पैज लावली. एकदा साधं, एकदा प्रीमियम, काय भरलंय ते फक्त लक्ष्मीअक्कांना माहीत. दोन्ही वेळा गाडी मी चालवायची आणि अण्णांनी शेजारी डोळे मिटून ऐकायचं. निम्मा वेळ आम्ही सिग्नलला उभेच होतो, पण ते डोळे उघडेनात. शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं, म्हातारा गेला. शेवटी अण्णांनी निकाल दिला की दोन्हीत काडीचा फरक नाही. मी छातीठोकपणे सांगितलं की दुसऱ्यांदा भरलं होतं ते प्रीमियम. लक्ष्मीअक्का पदर तोंडाला लावून हसल्या, तेव्हाच मी समजले. त्या दिवसापासून मी साधंच घालते.

आता हे माझ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण अण्णांनी समाजकार्य काढलं. दर शनिवारी सकाळी फिरून झालं, की पिशवीत पुस्तकं भरून ते कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर जायचे आणि हवा भरायच्या मशीनपाशी उभे राहायचे. छोट्या गाडीतून कुणी 'प्रीमियम' म्हटलं, की हे खिडकीशी हजर. "सार, स्वल्प थांबा. पुस्तक वाचलंय काय?" कन्नड, हिंदी, मराठी, माणूस बघून भाषा. लोक आधी दचकायचे, मग पान बघायचे, मग नळी बदलायला सांगायचे. बरं, माणूस एकतर्फी नाही हं. एकदा एका लांबलचक परदेशी गाडीचा मालक गुपचूप साधं भरत होता. अण्णांनी त्याला असा फैलावर घेतला, की कुणाच्या पोराला उपाशी ठेवताना पकडलंय असं वाटावं. पुस्तकात पंचाण्णव लिहिलं होतं ना!

प्रीमियमच्या नळीवर सुवर्णा असायची. तीही निपाणीकडची, तिशी-बत्तिशीची, नवरा नाही. सातवीतली मुलगी पंपामागच्याच शाळेत. गिऱ्हाइकाला "झीरो नोडी" म्हणून मीटरचं शून्य दाखवायची आणि मान वळवून अण्णांना मराठीत विचारायची, "चहा घेणार काय अण्णा?" अण्णाही आधी तिला विचारायचे, खाल्लंस काय? तिनं भरायला घेतलेली नळी अण्णा काढायला लावायचे, तरी तिनं कधी कपाळाला आठी घातली नाही.

एका शनिवारी मी चाकात हवा भरायला गेले, तर हवेच्या मशीनवर सुवर्णा. अण्णा नुकतेच घरी गेले होते. मी सहज विचारलं, इकडे कशी? तिनं सांगितलं ते ऐकून माझा पाइप हातातच राहिला. तिच्या नळीवर प्रीमियम खपत नाही म्हणून अण्णा गेल्यागेल्या मॅनेजरनं तिला त्या दिवसापुरतं इकडे घातलं होतं. त्यानं एक महिना दिला होता. दुसऱ्या दिवसापासून ती परत नळीवर असणार, आणि महिनाअखेर आकडा गाठला नाही तर बदली शहराबाहेरच्या हायवेवरच्या पंपावर. मग मुलीला शाळेतून कोण आणणार, की शाळाच सोडवायची, हे तिला कळत नव्हतं.

"अण्णांना सांगू नका," ती म्हणाली. "इथं मला जेवलीस काय म्हणून विचारणारं दुसरं कोण नाही."

मी सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही, आणि हे तर राहायलाच नको होतं. अण्णा व्हरांड्यात पुस्तकाला कव्हर घालत होते. त्यांनी कात्री खाली ठेवली. "माझ्यामुळं?" एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं, वाद घालतील, मॅनेजरला शिव्या देतील. पण ते पुस्तकांची पिशवी खिळ्याला अडकवून आत गेले. मला सांगितल्याचं फार वाईट वाटलं, आणि सांगितलं नसतं तर त्याहून वाईट वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पिशवी खिळ्यावर नव्हती. अण्णा आसपासच्या मोठमोठ्या अपार्टमेंटांच्या पार्किंगमध्ये फिरत होते. ज्यांच्या पुस्तकात पंचाण्णव लिहिलंय अशा गाड्या हुडकायच्या, मालकांना गाठायचं, पान दाखवायचं आणि कोपऱ्यावरच्या पंपावर पाठवायचं, "तिथं सुवर्णाच्या नळीवरच भरा." दोन वॉचमननी त्यांना हाकललं. एकानं पोलिसांना बोलवायची धमकी दिली. तरी पंधरा-वीस गाड्या त्यांनी मिळवल्याच. तत्त्वही राहिलं, कामही झालं. पण राजाजीनगरात पंचाण्णववाल्या गाड्या असून असून किती असणार?

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले होते. हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर नेहमीप्रमाणे सगळं ठप्प. आणि शेजारच्या रांगेत अण्णांची ती जुनी चौकोनी पांढरी गाडी. जी फक्त देवळापर्यंत आणि परत अशी जाते, ती. मी काच खाली केली आणि इथे काय करताय म्हणून ओरडले.

"टाकी रिकामी करालोय," अण्णा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अण्णांनी त्या आठवड्यात दोनदा स्वतःच्या गाडीत प्रीमियम भरलं होतं. आकड्याला अजून थोडं कमी पडत होतं आणि टाकीत जागा नव्हती. म्हणून पहाटेपासून हा माणूस, जो सिग्नलला इंजिन चालू ठेवणाऱ्याला भर रस्त्यात झापतो, तो बंगळुराला चकरा मारत होता. मला हसूच आलं. मी ऑफिसला उशीर होईल असं कळवलं आणि त्यांच्या मागोमाग गाडी वळवली.

पंपावर सुवर्णा नळीवर होती. मी माझ्या एक्क्याण्णववाल्या गाडीत टाकी फुल करून प्रीमियम घेतलं. अण्णा दुसरीकडे बघत उभे राहिले. मग त्यांची पाळी आली. सुवर्णानं नळी हातात धरली, पण झाकण उघडेना.

"अण्णा, तिसऱ्यांदा? तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "पुस्तक नव्या इंजिनाचं असतंय. आमचं म्हातारं झालंय आता. ठोकायला लागलंय. त्याला सहनशक्ती जास्त पायजे." तीस वर्षांत एक खोटी सही न केलेला माणूस तिच्याकडे न बघता बोलला. "खोटं वाटत असलं तर ऐक बघ."

सुवर्णानं नळी खाली ठेवली, बॉनेटवर कान टेकवला आणि बराच वेळ ऐकलं. उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"होय की अण्णा," ती म्हणाली. "लई ठोकतंय."

मग तिनं झाकण उघडलं, त्यांना मीटरवरचं शून्य दाखवलं आणि प्रीमियम सुरू केलं. पंपावर इंजिन बंद ठेवायचं असतं. अण्णांनी ते आत शिरतानाच बंद केलं होतं.